शुक्रवारी रात्री कोच नेमकं काय सांगत असतो: हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलमधलं प्ले कॉलिंग, सोप्या भाषेत

माझा मुलगा डॅलसजवळच्या एका हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलच्या जेव्ही टीममध्ये राईट गार्ड आहे, म्हणजे बॉलवाल्या टीमच्या पुढे समोरच्यांना अडवणारी पाच जणांची जी लाईन असते त्यातला एक. जेव्ही म्हणजे ज्युनियर व्हर्सिटी, मुख्य टीमच्या खालची टीम, त्यांच्या मॅचेस बहुतेक गुरुवारी असतात आणि व्हर्सिटीच्या शुक्रवारी रात्री. गार्डच्या हातात बॉल सहसा येतच नाही, त्यामुळे पहिले दोन महिने माझी नजर बॉलच्या मागे फिरायची आणि मुलगा नक्की काय करतोय ते कळायचंच नाही, घरी आल्यावर मी "छान खेळलास" म्हणायचे आणि तो नुसता हसायचा. मग शेजारी बसणाऱ्या एका आजोबांनी, त्यांचा नातू टीममध्ये आहे आणि ते स्वतः पूर्वी कोच होते, मला सांगितलं की एक वही आण आणि प्रत्येक प्ले, म्हणजे प्रत्येक वेळची ठरवलेली चाल, लिहून काढ, कितवा डाउन, किती यार्ड हवेत, बॉल मैदानाच्या कुठल्या बाजूला होता, पळाले की फेकला. तीन मॅचेस लिहिल्या आणि चौथ्या मॅचला पुढचा प्ले काय येणार ते अधूनमधून आधीच कळायला लागलं, आणि तेव्हापासून हा खेळ मला मनापासून आवडतो.

इकडे फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग भागात मराठी घरं भरपूर आहेत आणि दर ऑगस्टमध्ये कोणीतरी विचारतंच, अगं ते दर पाच सेकंदांनी थांबतात कशाला, आणि तो कोच कागद तोंडासमोर धरून काय बोलतो? त्यांच्यासाठी हे लिहितेय. तिकडे पुण्या-सांगलीत बसून व्हिडिओ बघणाऱ्यांनाही उपयोग होईल.

आधी सांगाडा पटकन. मैदान १०० यार्ड लांब, साधारण ५३ यार्ड रुंद, यार्ड म्हणजे तीन फूट. दोन्हीकडे अकरा-अकरा. बॉल ज्यांच्याकडे ती ऑफेन्स, अडवणारी ती डिफेन्स. ऑफेन्सला चार प्रयत्न मिळतात, प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन, आणि चारांत मिळून १० यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की पुन्हा नवे चार मिळतात, नाही सरकलात तर बॉल समोरच्यांना. चौथा डाउन म्हणजे आपल्या कबड्डीतली डू ऑर डाय रेड समजा, फक्त इथे एक सुटका आहे, तुम्ही चौथ्या डाउनला बॉल लांब किक मारून समोरच्यांना मागे ढकलू शकता, त्याला पंट म्हणतात. हायस्कूलमध्ये १२ मिनिटांचे चार क्वार्टर असतात. एक डाउन संपला की पुढचा सुरू करायला साधारणपणे ४० सेकंद. ते जे "थांबणं" दिसतं ना ते हेच ४० सेकंद, आणि सगळं प्ले कॉलिंग त्यातच होतं: कोचने बघायचं, ठरवायचं, मैदानात पोचवायचं, अकरा मुलांनी ते ऐकून आपापल्या जागी उभं राहायचं, आणि समोरच्यांना त्यातलं काही कळता कामा नये.

आता मुख्य गोष्ट. आजोबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलेली आणि मला अजूनही सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही की हायस्कूलचा कोच मॅचमध्ये नवीन काही शोधत नसतो, मंगळवारी-बुधवारी पोरांनी जे घोटून घोटून केलंय त्यातलं आत्ता कुठलं बाहेर काढायचं एवढंच तो ठरवतो. एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे, खेळाडू दिवसभर हेच करतात, तो त्यांचा पोटापाण्याचा उद्योग आहे. आमच्या पोरांना सकाळी केमिस्ट्री असते.

याचा हिशोब करून बघा म्हणजे पटेल. टेक्सासमध्ये शालेय स्पर्धा युआयएल नावाची संस्था चालवते आणि तिचा नियम आहे की शाळा सुरू असताना शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला ८ तासच प्रॅक्टिस घेता येते. त्या ८ तासांत वॉर्म-अप आलं, ब्लॉकिंग-टॅकलिंगची, म्हणजे अडवण्या-पाडण्याची, मूळ कामं आली, किकिंग आलं, डिफेन्स आली. समजा ऑफेन्सच्या अकरा जणांना एकत्र चालवायला रोज २० मिनिटं मिळाली, आठवड्यात तीन दिवस, म्हणजे एक तास. मिनिटाला दोन प्ले चालवले तर १२० झाले. आता कोचकडे १२ प्ले असतील तर प्रत्येक प्ले दहादा होतो. ४० प्ले असतील तर तीनदा. आणि समोरची डिफेन्स काही एकाच तऱ्हेने उभी राहत नाही, दोन-तीन वेगवेगळ्या रचनांसमोर तोच प्ले करून बघावा लागतो, म्हणजे चाळीस प्लेवाल्या कोचचा पोरगा शुक्रवारी बँड वाजतोय, लोक ओरडतायत अशा गोंगाटात तो प्ले त्या रचनेसमोर आयुष्यात दुसऱ्यांदा करत असतो. तो चुकणारच. म्हणून चांगल्या कोचेसचं बाड लहान असतं, आणि ते मोठं दिसेल अशी सोय ते वेगळ्या मार्गाने करतात, तोच प्ले पाच वेगवेगळ्या फॉर्मेशनमधून करायचा, म्हणजे उभं राहायच्या जागा बदलायच्या पण लाईनच्या पाच जणांचं काम तेच. समोरच्यांना पाच प्ले दिसतात, आपल्या पोरांना एकच करायचा असतो.

दुसरी गोष्ट, कोचला खेळाडू विकत घेता येत नाहीत. सरकारी शाळेत सहसा त्या वस्तीतली मुलं येतात, त्यातून जे मिळतील त्यांनाच घेऊन खेळायचं. यंदा बॉल लांब फेकणारा क्वार्टरबॅक नाही, पण लाईनवर चार दणकट पोरं आहेत, तर धावायचा खेळ. शिवाय टेक्सासात १९८४ पासून नो पास नो प्ले आहे, ग्रेडिंगच्या काळात एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलात की किमान तीन आठवडे मॅच नाही, त्यामुळे एका पोराच्या अल्जेब्राच्या मार्कांवर शुक्रवारचा गेम प्लॅन बदलू शकतो. मला हा नियम फार योग्य वाटतो. कोचेस मुलांच्या गृहपाठाकडे लक्ष देतात ते उगाच नाही.

बरं, मग प्ले ठरवतात कसा? इथे मोजणी येते, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो म्हणून जरा निवांत सांगते.

दोन्हीकडे अकरा आहेत म्हणजे बरोबरी वाटते, पण तशी नाहीये. क्वार्टरबॅकने, म्हणजे प्रत्येक प्लेला बॉल ज्याच्याकडे आधी येतो त्याने, बॉल घेऊन रनिंग बॅकच्या, म्हणजे पळणाऱ्याच्या, हातात दिला की क्वार्टरबॅक त्या प्लेमधून गेल्यात जमा, आणि ज्याच्या हातात बॉल आहे तो स्वतः कोणाला अडवू शकत नाही. म्हणजे अडवायला राहिले नऊ आणि पाडायला समोर अकरा. दोन जण नेहमी जास्त. प्ले कॉलिंग म्हणजे बरंचसं या दोन जणांचं काय करायचं याचं उत्तर आहे. एक उपाय म्हणजे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, लांब कडेला उभे करायचे, त्यांना सांभाळायला डिफेन्सलाही माणसं लांब पाठवावी लागतात, ते तेवढे मधल्या मारामारीतून बाहेर. मग कोच वरून, म्हणजे प्रेसबॉक्समध्ये बसलेला असिस्टंट असतो तो, मधल्या भागात डिफेन्सचे किती जण आहेत ते मोजतो. या मधल्या भागाला बॉक्स म्हणतात. समजा चार रिसीव्हर लांब आहेत, मग आपल्याकडे मध्ये लाईनचे पाच, एक रनिंग बॅक आणि क्वार्टरबॅक. बॉक्समध्ये समोर पाच दिसले तर पळा, पाचाला पाच अडवणारे आहेत. सात दिसले तर फेका, कारण मग बाहेर आपल्या चार रिसीव्हरना त्यांचे चारच जण आहेत, कोणाच्या मदतीला मागे कोणी नाही. आणि सहा दिसले तर? पाच अडवणारे, सहा समोर. इथे खरी मजा आहे.

सहावा माणूस अडवायचाच नाही. मुद्दाम मोकळा सोडायचा. सहसा कडेचा डिफेन्सिव्ह एंड मोकळा सोडतात, क्वार्टरबॅक बॉल रनिंग बॅकच्या पोटाशी धरून त्या मोकळ्या माणसाकडे बघतो, तो आत बॅकला पाडायला धावला तर बॉल काढून घेऊन स्वतः बाहेरून पळतो, तो जागेवर थांबला तर बॉल बॅकला देऊन टाकतो. तो काहीही करो, चुकीचंच ठरतं. एकही हात न लावता एक माणूस खेळातून बाद झाला. आपल्या खो-खोत पळणारी गडी खांबाशी येऊन हुलकावणी देते, पाठलाग करणारी ज्या बाजूला झुकते त्याच्या उलट निघते, मी सांगलीत शाळेच्या टीममधून पाच वर्षं हेच केलंय, त्यामुळे हा प्ले मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. याला ऑप्शन म्हणतात आणि त्याचे प्रकार खूप आहेत. जुना प्रकार म्हणजे व्हीअर, ह्यूस्टन युनिव्हर्सिटीचे कोच बिल योमन यांनी १९६० च्या दशकात तो पुढे आणला. आणि हायस्कूलमध्ये त्याचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्डची डी ला साल शाळा. बॉब लाडूसर तिथे १९७९ मध्ये कोच झाले, आणि १९९२ ते २००३ या काळात त्यांची टीम सलग १५१ मॅचेस जिंकली. एकशे एक्कावन्न. पोरं दर दोन-तीन वर्षांनी पूर्ण बदलतात हे लक्षात घ्या, म्हणजे हा आकडा एखाद्या पिढीचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. आणि त्यांचं प्लेबुक काही भलंमोठं नव्हतं, समोरच्यांना बऱ्यापैकी माहिती असायचं काय येणार. पण त्यांची लाईन बॉल सुटल्यावर अकरा पोरांचा एकच पाय उचलल्यासारखी निघायची, जुने व्हिडिओ मिळाले तर जरूर बघा.

ही साखळी तुटली सप्टेंबर २००४ मध्ये, सिएटलमध्ये, बेलव्ह्यू हायस्कूलने त्यांना ३९-२० हरवलं. आणि गंमत बघा, हरवणाऱ्यांनी काही नवीन अवकाशातून आणलं नव्हतं, ते विंग-टी खेळत होते, जी डेलावेअर युनिव्हर्सिटीत डेव्हिड नेल्सन आणि नंतर टबी रेमंड यांनी घडवलेली जुनी पद्धत आहे.

विंग-टी समजली की "प्ले एकामागून एक का येतात" हे समजतं. त्यात बक स्वीप नावाचा एक प्ले आहे. दोन्ही गार्ड आपली जागा सोडून उजवीकडे धावतात, त्यांच्या मागून हाफबॅक बॉल घेऊन उजव्या कडेने जातो, मधून फुलबॅक (दोघेही मागे उभे राहणारे, पळणारे) बॉल घेतल्याचं नाटक करून सरळ घुसतो, आणि क्वार्टरबॅक बॉल दिल्यावरही हात पोटाशी ठेवून डावीकडे पळतो जणू बॉल त्याच्याकडेच आहे. आता कोच हा प्ले दोन-तीनदा करतो आणि यार्डांपेक्षा जास्त लक्ष समोरच्यांच्या वागण्याकडे ठेवतो. मधले लाईनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या लाईनच्या जरा मागे उभे राहणारे, ज्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की गार्डकडे बघ, गार्ड खोटं बोलत नाही, ते गार्डच्या मागे उजवीकडे धावायला लागले का? मग पुढच्या वेळी सगळं तसंच दिसतं पण बॉल मध्ये घुसणाऱ्या फुलबॅककडे खरोखर असतो, तिथे आता कोणी नाही. याला ट्रॅप म्हणतात. डावीकडचा एंड वैतागून मागून पाठलाग करायला लागला का? मग क्वार्टरबॅककडे बॉल खरंच राहतो आणि तो डावीकडे पळता पळता फेकतो, तो वॅगल. तीन प्ले, पण पहिल्या सेकंदाला तिन्ही सारखेच दिसतात, आणि समोरच्याने एकाला उत्तर दिलं की तेच उत्तर दुसऱ्याचा दरवाजा उघडतं. कोच प्ले हाक मारतो तेव्हा तो एक प्रकारे प्रश्न विचारत असतो, आणि पुढचा प्ले मिळालेल्या उत्तरावर. म्हणून पहिल्या क्वार्टरमध्ये दोन यार्डच मिळालेला प्ले वाया गेला असं समजू नका, माझ्या वहीत असे प्ले आता मी तारा काढून ठेवते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या हाफमध्ये त्यांची वसुली होते.

आता त्या कागदाबद्दल. कोचच्या हातातला मोठा लॅमिनेट केलेला तक्ता म्हणजे कॉल शीट. त्यात प्रसंगाप्रमाणे कप्पे असतात, पहिला डाउन आणि १०, तिसरा डाउन आणि एक-दोन यार्ड, तिसरा आणि सात-आठ, आपल्याच गोललाईनपाशी अडकलोय, समोरच्यांची गोललाईन जवळ आलीय, शेवटची दोन मिनिटं. प्रत्येक कप्प्यात तीन-चार प्ले आधीच निवडलेले. हे बुधवारी-गुरुवारी शांत डोक्याने ठरवलेलं असतं, कारण मॅचमध्ये, अंगावर आरडाओरडा येत असताना, ४० सेकंदांत माणूस नीट विचार करू शकत नाही. बरेच कोच पहिले आठ-दहा प्ले क्रमाने लिहूनच आणतात. ही सवय सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्श यांच्यामुळे गाजली, ते एनएफएलमध्ये सुरुवातीचे पंधरा ते पंचवीस प्ले आधी लिहून ठेवायचे. त्याचा हेतू पुन्हा तोच, वेगवेगळ्या फॉर्मेशन दाखवायच्या आणि डिफेन्स कशी हलते ते बघायचं.

प्लेचं नाव ऐकलं तर मंत्र वाटतो. ट्रिप्स राईट, ट्वेंटीफोर पॉवर, ऑन टू. सोडवून बघू. ट्रिप्स राईट म्हणजे उजवीकडे तीन रिसीव्हर. ट्वेंटीफोरमधला दोन म्हणजे बॉल कोणाकडे, दोन नंबरच्या बॅककडे, आणि चार म्हणजे कुठल्या फटीतून, बऱ्याच टीममध्ये सम आकडे उजवीकडच्या फटींना आणि विषम डावीकडच्यांना असतात. पॉवर म्हणजे लाईनने अडवायची पद्धत. ऑन टू म्हणजे क्वार्टरबॅकच्या दुसऱ्या हाकेला बॉल सुटेल. प्रत्येकाने त्यातला आपल्यापुरता शब्द उचलायचा. माझ्या मुलाला उजवीकडची पॉवर म्हटलं की लाईनमधल्या शेजारच्या खेळाडूबरोबर (त्या जागेलाही टॅकलच म्हणतात) मिळून समोरच्या एका धिप्पाडाला दोघांनी ढकलत न्यायचं असतं, आणि डावीकडची म्हटलं की जागा सोडून डावीकडे धावत जाऊन वाट मोकळी करायची. सम की विषम एवढं एक ऐकायला चुकला तर दोन पोरं एकमेकांवर आदळतात. हे सांगायला काही टीम हाताच्या खुणा वापरतात, काही मोठे चित्रांचे बोर्ड वर धरतात, आणि बऱ्याच टीमच्या पोरांच्या मनगटावर पट्टा असतो, त्यात बारीक अक्षरात नंबर आणि प्ले, कोच "निळा सतरा" ओरडला की सगळे मनगटाकडे बघतात. दोन-तीन असिस्टंट एकदम हातवारे करत असतात त्यातला एकच खरा असतो.

मैदानाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी कारण टीव्हीवर एनएफएल बघणाऱ्यांना ती लक्षात येत नाही. बॉल प्रत्येक प्लेला मैदानाच्या अगदी मधोमध ठेवत नाहीत, हॅश मार्क नावाच्या दोन ओळी असतात, त्यांच्या बाहेर डाउन संपला तर बॉल जवळच्या हॅशवर आणतात. एनएफएलमध्ये या दोन ओळींत जेमतेम साडेअठरा फूट अंतर आहे, कॉलेजला ४० फूट, आणि हायस्कूलच्या राष्ट्रीय नियमांप्रमाणे त्या मैदानाचे तीन सारखे भाग करतात, म्हणजे ५३ फूट ४ इंच. त्यामुळे बॉल डाव्या हॅशवर असेल तर डावीकडे १८ यार्डसुद्धा नाहीत आणि उजवीकडे पस्तीसच्या वर मोकळं रान. प्रत्येक डिफेन्सला ठरवावं लागतं की रुंद बाजूला जास्त माणसं पाठवायची की नाही. स्वीपसारखे बाहेरून पळायचे प्ले हायस्कूलमध्ये अजून चालतात त्याचं हे एक मोठं कारण. उलट, रुंद बाजूच्या पार कडेला बॉल फेकणं सोळा-सतरा वर्षांच्या हाताला फार अवघड, बॉल हवेत इतका वेळ राहतो की रिसीव्हरला सांभाळणारा कॉर्नरबॅक येऊन मध्येच उचलतो. टीव्हीवर सोपा दिसणारा पास इथे पोराच्या गळ्यात घालू नये, असं मला वाटतं, आणि चांगले कोच घालत नाहीतच.

पळायचं की फेकायचं हे बॉल सुटल्यावर ठरवायची एक पद्धत हल्ली सगळीकडे आहे, आरपीओ, रन पास ऑप्शन. वर सांगितलेल्या ऑप्शनचंच भावंड, फक्त क्वार्टरबॅक मोकळ्या लाईनबॅकरकडे बघून बॅकला देतो नाहीतर त्याच्या डोक्यावरून फेकतो. अडचण अशी की लाईनवाले पोरं पळायचा प्ले समजून पुढे ढकलत जातात, आणि पास असेल तर त्यांना फार पुढे जायला मनाई आहे, हायस्कूलच्या राष्ट्रीय नियमांत दोन यार्ड, कॉलेजला तीन. क्वार्टरबॅकने अर्धा सेकंद उशीर केला की पंचांचं पिवळं फडकं पडतं, म्हणजे पेनल्टी, आणि ओरडा मात्र गार्डच्या नावाने होतो.

समोरच्या बाजूलाही एक कोच बसलाय आणि तोही मोजत असतो. शनिवारी सकाळी दोन्ही शाळा एकमेकांना व्हिडिओ पाठवतात. पूर्वी कोच लोक गाडी काढून अर्ध्या वाटेवर भेटायचे आणि फिल्मचे डबे अदलाबदल करायचे, आता हडलवर अपलोड होतं, ही कंपनी २००६ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये निघाली आणि आता हायस्कूलच्या कोचेसचं तिच्याशिवाय पान हलत नाही. प्रत्येक प्लेवर टिपणं लावतात, डाउन, अंतर, हॅश, फॉर्मेशन, आणि मग चाळून बघतात, तिसरा डाउन आणि दोन असताना उजव्या हॅशवरून हे दहापैकी आठ वेळा रुंद बाजूला पळतात. माझ्या वहीचंच मोठं रूप. त्यामुळे हुशार कोच स्वतःच्या टीमचाही असाच हिशोब काढतो, आपली सवय समोरच्यांच्या आधी आपल्याला कळली पाहिजे, आणि मग महत्त्वाच्या क्षणी मुद्दाम तिच्या उलट जातो. वर्षभर साठवलेली सवय एका प्लेमध्ये खर्च करायची. डिफेन्सच्या हाकेत मग लाईन कशी उभी राहणार, कोण अचानक क्वार्टरबॅकवर धावून जाणार ज्याला ब्लिट्झ म्हणतात, आणि मागे पासला कव्हरेज कुठलं एवढं असतं. बघणाऱ्यांसाठी सोपी खूण, सगळ्यात मागे उभे असलेले सेफ्टी मोजा. एक असेल तर मधला खोल भाग बंद आणि कडेला जागा, दोन असतील तर बरेचदा उलट.

चौथ्या डाउनबद्दल माझं मत ठाम आहे आणि आमच्या बाकावर त्यावरून वाद होतात. आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या पुलास्की अकॅडमीचे कोच केविन केली यांनी पंट करणं जवळजवळ बंदच करून टाकलं, चौथ्या डाउनलाही खेळायचं, आणि गुण केल्यावर बॉल लांब मारण्याऐवजी छोटी ऑनसाइड किक मारून पुन्हा स्वतःच घ्यायचा प्रयत्न करायचा. अनेकदा राज्याचं अजिंक्यपद मिळवलं. २०११ मध्ये कॅबट नावाच्या टीमविरुद्ध तर समोरच्यांच्या हातात बॉल यायच्या आतच २९-० झाले होते. त्यांचा हिशोब साधा होता, तीनच्या जागी चार डाउन वापरले की प्रत्येक डाउनला कमी यार्ड लागतात, मग तिसऱ्या डाउनला लांब फेकायची सक्ती राहत नाही, पळताही येतं, आणि समोरच्याला अंदाज बांधणं दुप्पट अवघड होतं. म्हणजे चौथ्या डाउनचा निर्णय खरं तर पहिल्या डाउनलाच झालेला असतो. सगळ्यांनी तसंच करावं असं मी म्हणत नाही, पण हायस्कूलमध्ये भरवशाचा किकर सगळ्यांकडे नसतो, पंट अनेकदा तीसेक यार्डच जातो, तेव्हा मैदानाच्या मध्यावर एक-दोन यार्ड हवे असताना पंट करणं म्हणजे आपल्या लाईनच्या पोरांवर विश्वास नाही असं सांगणं आहे, मुलांना ते लगेच कळतं.

आणि हेही बघा की फुटबॉलमधल्या कितीतरी मोठ्या कल्पना हायस्कूलमधून वर गेल्यात, वरून खाली नाही आल्या. रन अँड शूट या भरपूर पास फेकणाऱ्या पद्धतीचं मूळ ओहायोतल्या मिडलटाऊन हायस्कूलच्या टायगर एलिसन यांच्याकडे जातं. हल मम्मी एअर रेड, तीही पासवरच चालणारी पद्धत, कॉलेजात नेण्याआधी टेक्सासच्या कॉपरस कोव्ह हायस्कूलला शिकवत होते. गस मालझान आर्कान्साच्या हायस्कूलमध्ये न थांबता, गोल करून उभं न राहता धडाधड प्ले खेळवायचे, तेच घेऊन ते ऑबर्नला गेले. कारण हायस्कूलच्या कोचकडे मोठा पैलवान नसतो तेव्हा त्याला डोकं चालवावंच लागतं. कॅलिफोर्नियाच्या पीडमाँट हायस्कूलने तर २००७ मध्ये नियमातली फट शोधून अकराच्या अकरा जण पास घेऊ शकतील असे दिसतील अशी रचना काढली, ए-इलेव्हन, ती फट २००९ मध्ये बंद केली.

घाईच्या खेळाची एक बाजू मात्र मला काळजीची वाटते. लहान शाळांत तीच पोरं ऑफेन्सलाही असतात आणि डिफेन्सलाही. त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये दमलेलं पोर डोकं खाली घालून टॅकल करतं, आणि मान-डोक्याच्या दुखापती तशाच होतात. म्हणून कोचने हाक देताना समोरच्यांइतकंच आपल्या पोरांकडे बघायला हवं, वेग कमी करणं हाही एक कॉल आहे. डोक्याला मार लागल्याचा संशय आला की लगेच बाहेर काढायचं आणि अशा दुखापतींचं प्रशिक्षण घेतलेल्या परवानाधारक आरोग्य तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळवायचं नाही, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केला आणि पुढच्या पाच वर्षांत पन्नासही राज्यांत डोक्याच्या मारासाठी कायदे झाले. कॅलिफोर्नियात सीझनमध्ये पूर्ण धडकेची प्रॅक्टिस आठवड्यात दोनदाच आणि प्रत्येक वेळी ९० मिनिटंच. आईबापांनी हे नियम पाठ ठेवावेत, मुलगा "मी ठीक आहे" म्हणेल, तो म्हणणारच, त्याला परत जायचं असतं.

शेवटचा एक कॉल राहिला, सगळ्यात सोपा. पुढे आहात, बॉल आपला, समोरच्यांचे टाइमआउट संपलेत आणि घड्याळात दोन मिनिटांच्या आत वेळ आहे. क्वार्टरबॅकने बॉल घ्यायचा आणि तिथेच एक गुडघा टेकायचा, डाउन संपला, घड्याळ चालूच, ४० सेकंद जाऊ द्यायचे, पुन्हा तेच. तीनदा केलं की वेळ संपते. याला व्हिक्टरी म्हणतात आणि आमचे कोच दर सरावाच्या शेवटी तेही करवून घेतात, बॉल सांडू नये म्हणून. गेल्या गुरुवारी मैदानाच्या पलीकडून हाताचे दोन पंजे वर करून ती खूण आली, लाईनवाले खांद्याला खांदा लावून नेहमीपेक्षा जवळ उभे राहिले, आणि मी वहीत लिहिलं, पहिला डाउन, १०, डावा हॅश, गुडघा.